हॅलोविनचे घरगुती लॉलीपॉप: चिकटपणा असा गेला

न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी हॅलोविनला मुलं खाऊ मागत दारोदार येतात. ओळखीच्या घरांसाठी मी लॉलीपॉप घरीच करते. अडचण एकच होती, पावसाळी हवेत ते रात्रीतून चिकट व्हायचे आणि कागद सोलून निघायचा नाही.

कारण पाकात उरलेलं पाणी. चिक्कीसारखा अंदाजाने पाक इथे चालत नाही. तो ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण १५० सेल्सियसपर्यंत जावाच लागतो. थंड पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा कटकन तुटला पाहिजे. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, २१२ दाखवतो का. माझा कमी-जास्त दाखवत होता, तेवढा फरक धरून चालले आणि निम्मं काम तिथेच झालं.

प्रमाण: दोन कप साखर, पाऊण कप पाणी, पाऊण कपाहून जरा कमी कॉर्न सिरप (मक्यापासूनचा घट्ट गोड पाक). सिरपमुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. उकळी आल्यावर ढवळायचं नाही. भांड्याच्या कडेचे दाणे ओल्या ब्रशने पुसायचे. इसेन्स गॅस बंद केल्यावरच. मुलांना या पाकाच्या जवळपासही फिरकू देऊ नका, फार वाईट भाजतं.

पूर्ण गार झाले की लगेच सेलोफेनमध्ये घट्ट गुंडाळायचे. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच घाम धरतात.

अनोळखी मुलांना मात्र कारखान्यातली बंद चॉकलेटंच देते. पालकांना घटक वाचता यायला हवेत. अ‍ॅलर्जीवाल्या मुलांसाठी दाराशी निळसर-हिरवा भोपळा, म्हणजे इथे खाऊशिवायच्या भेटवस्तूही मिळतात ही खूण, आणि वाटीत स्टिकर, पेन्सिली.