मेळघाटात आरोग्य शिबिर घेताय? या चुका टाळा

दोन जीपभर डॉक्टर, खोक्यांत औषधं, एक फ्लेक्स. हेतू चांगलाच असतो, तरी त्याच त्या चुका होत राहतात. आमच्याही झाल्या आहेत.

तारीख आपल्या सोयीने ठरवणं

रस्ते कोरडे म्हणून शिबिरं डिसेंबर-जानेवारीत ठेवतात. तेव्हा इथली बरीच कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीला बाहेर गेलेली असतात आणि रांगेत म्हातारी माणसंच दिसतात. होळीला मात्र गाव भरतं. मुलं सर्वात जास्त आजारी पडतात ती पावसाळ्यात, नेमकी आपल्या जीपा अडकतात तेव्हा. तारीख आशाताईला विचारून ठरवा. बाजाराचा दिवस टाळा.

तिलाच दुभाषी म्हणूनही शेजारी बसवा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. "दुखतं का?" विचारल्यावर हललेली मान म्हणजे होकार असतोच असं नाही. बाळाच्या पोटावर डागण्यांचे वण दिसले तर आईवर ओरडू नका. पुढच्या वेळी ती बाळ घेऊन येणारच नाही. भुमक्यालाही, म्हणजे गावच्या वैदूलाही, हसू नका. त्याने "दवाखान्यात न्या" म्हटलं, तर ते आपल्यापेक्षा जास्त ऐकलं जातं.

ओआरएसचं पाकीट नुसतं हातात देणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. जुलाब झालेल्या मुलासाठी दिलेलं एक लिटरचं पाकीट लोक पेल्याभर पाण्यात कालवतात. ते इतकं खारट होतं की मूल थुंकतं, आणि प्यायलं तर अपायच. घरात लिटरचं माप नसतं, म्हणून पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली सोबत द्या आणि पहिलं द्रावण आईच्या हातून तिथेच बनवून घ्या. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं.

"पाजलं की उलटी होते" ही नेहमीची तक्रार. दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने, सावकाश. जेवण आणि अंगावरचं दूध बंद करू नका. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10, जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस. मूल सुस्त पडलं, पिऊच शकत नसलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर मात्र थेट दवाखाना.

लोक "सलाईन लावा" म्हणतात, आणि नवखे डॉक्टर लावतातही. त्यांना पश्चिम बंगालमधल्या बनगावची गोष्ट सांगावी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. जिथे तीस टक्क्यांपर्यंत माणसं दगावत होती, तिथे त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आम्ही आता ओआरएसला "तोंडाने प्यायची सलाईन" म्हणतो. त्या शब्दाने बरंच काम होतं.

जमा झालेली औषधं जशीच्या तशी नेणं

अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, सॅम्पलच्या गोळ्या, दोन महिन्यांत मुदत संपणारी सिरप. बोस्नियात 1992 ते 1996 दरम्यान अशी सुमारे 17,000 टन निरुपयोगी औषधं साचली होती. दान म्हणून आलेल्या औषधाची किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, हा साधा नियम पाळा. बीपीची पंधरा दिवसांची गोळी देऊन परत येणं तर सरळ फसवणूक आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणती गोळी मिळते ते विचारा आणि तीच सुरू करा.

मोजून सोडून देणं

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजता, तेव्हा पट्टी आवळू नका. 11.5 सेंटिमीटरहून कमी भरलं किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर मूल तीव्र कुपोषित. पण एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) जायचं म्हणजे आईची रोजची मजुरी बुडणार आणि घरी बाकीची मुलं आहेत. त्यांना कोण बघणार हे त्याच बैठकीत ठरलं नाही, तर आई जात नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या साध्या चाचणीवरूनही कुणाला "रुग्ण" म्हणू नका. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं.

निघताना दंड कमी भरलेल्या मुलांची यादी आशाताईच्या वहीत उतरवा, आपल्या लॅपटॉपमध्ये नव्हे. पंधरा दिवसांनी तिला फोन करा. रेंज नसतेच, म्हणून बाजाराच्या दिवशी.