पेपरची आणेवारी कशी लावावी

मी मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिशियन आहे. पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी, पोरं माझ्या टेबलापाशी पेनड्राइव्ह घेऊन उभी राहतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे." मग फाईल उघडते. वयाच्या रकान्यात कुठे २६, कुठे '२६ वर्षे', कुठे काहीच नाही. हिमोग्लोबिन एका पेशंटचं १०४. दशांश चिन्ह पडलेलं असतं, पेशंट जिवंत असते.

दोन-तीन महिन्यांनी तेच पोरगं परत येतं, आता चेहरा पडलेला. पेपर, म्हणजे जर्नलात छापायचा शोधनिबंध, तयार असतो, पण पाठवता येत नाही, कारण लेखकांच्या नावांवरून घोडं अडलेलं असतं. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाचं अजिबात नाही. या भांडणात मी इतक्यांदा मध्यस्थी केली आहे की शेवटी एक पद्धतच बसवली. ती इथे लिहिते आहे.

गावाकडे सामाईक जमिनीत कुणाचा किती हिस्सा हे आणेवारीने सांगतात : तुझे चार आणे, माझे आठ, काकूंचे चार. पेपरचीही तशीच आणेवारी लावायची. पण भावकीत जे होतं तेच इथे होतं : वाटणीचं बोलणं पीक उभं राहिल्यावर निघतं.

म्हणून पहिली गोष्ट, बोलणं सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा सुरुवातीचा आराखडा, लिहितानाच करा. एथिक्स कमिटीकडे कागद जाण्याआधी गाईड, विद्यार्थी आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं आहे ते सगळे एकदा चहाला बसवा. एक साधी दोनशे पानी वही घ्या, तारीख टाका, आणि नावापुढे पद लिहू नका, क्रियापद लिहा. 'गाईड' हे काम नाही, 'विभागप्रमुख' हेही नाही. आमच्या वहीतलं गरोदर बायकांमधल्या ॲनिमियाच्या अभ्यासाचं पान असं होतं :

रेसिडेंट (पीजीची विद्यार्थिनी) – ओपीडीत बसून मुलाखती घेईल, एक्सेल भरेल, पहिला ड्राफ्ट लिहील.
गाईड – प्रश्न ठरवला, प्रश्नावली दुरुस्त केली, ड्राफ्ट तपासतील.
पॅथॉलॉजीच्या मॅडम – स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) स्वतः बघतील, त्यावरचा परिच्छेद लिहितील.
मी – सॅम्पल साइज काढला, विश्लेषण करीन, टेबलं आणि पद्धतीचा भाग लिहीन.
एचओडी –

एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, पुढे रेसिडेंटचं पेन थांबलं. ते थांबलं हेच त्या वहीचं काम. त्याबद्दल पुढे सांगते.

क्रियापदांचा हा आग्रह माझा नाही, आपल्याकडे तो जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ हे साल येतं, टीका ज्ञानेश्वरांनी केली असं येतं, आणि सच्चिदानंदबाबा आदराने 'लेखकु' झाले असंही येतं. म्हणजे रचणारा वेगळा आणि लिहून घेणारा वेगळा, दोघांची नावं, दोघांची कामं, सालासकट. इसवी सनाच्या हिशोबात १२९०. सातशेहून जास्त वर्षांनंतर जर्नलं पेपरच्या शेवटी 'कुणी काय केलं' असा परिच्छेद मागतात तेव्हा मला ही ओवीच आठवते.

आता कामं लिहून झाली की चाळणी लावा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिच्या चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. अभ्यासाची कल्पना, आखणी, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. ड्राफ्ट लिहिलेला किंवा डोकं लावून दुरुस्त केलेला हवा. शेवटच्या प्रतीला मान्यता दिलेली हवी. आणि चौथी अट, पेपरबद्दल कुणी प्रश्न विचारला तर उत्तराची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. नुसता निधी मिळवून देणं, नुसती देखरेख, नुसतं इंग्रजी सुधारून देणं यावर लेखक होता येत नाही. चॅटबॉटलाही होता येत नाही, कारण तो चौथ्या अटीत बसत नाही. तो वापरला असेल तर तसं सांगायचं, एवढंच.

चौथी अट मला फार उशिरा कळली. नोकरीच्या सुरुवातीला एका पेपरवर माझं नाव लागलं होतं. मी काय केलं होतं? फोनवर सांगितलं होतं की कप्प्यांमधल्या अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहेत, काय-स्क्वेअर ही नेहमीची टेस्ट नको, फिशरची टेस्ट लावा. चार मिनिटांचा फोन. मला आनंदच झाला होता, पेढेही वाटले. दोन वर्षांनी एका वाचकाने ईमेल करून विचारलं की टेबलातल्या बेरजेत अकरा पेशंट कमी दिसतात, ते का वगळले? मला ते पेशंटच माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते ते नोकरी सोडून गेले होते. त्या ईमेलला मी कधीच धड उत्तर देऊ शकले नाही.

एचओडींकडे येते. ज्युनिअर लोकांना वाटतं की चार अटी म्हणजे साहेबांचं नाव कापायची कात्री. तसं नाही. त्याच नियमांत लिहिलं आहे की ज्याने पहिली अट पुरी केली आहे त्याला ड्राफ्ट वाचायची आणि सुधारायची संधी मिळालीच पाहिजे, ती न देता 'तुम्ही दुसरी अट पुरी केली नाही' असं म्हणता येत नाही. तेव्हा सरळ रस्ता असा : आखणीच्या बैठकीलाच त्यांना बोलवा, नंतर ड्राफ्ट पाठवा आणि नम्रपणे लिहा, "सर, चर्चेचा भाग कच्चा वाटतो आहे, तुमच्या सूचना पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळाल्या तर बरं होईल." आमच्या एचओडींनी पहिल्याच बैठकीत विचारलं की तिसऱ्या तिमाहीतल्या बायका वेगळ्या का नाही धरत, आणि त्या एका प्रश्नाने सगळी आखणी बदलली. नंतर ड्राफ्टवर लाल शाईत दोन पानं भरून सूचना आल्या. मोकळी ओळ भरली. दुसऱ्या एका पेपरच्या वेळी शुक्रवार गेला, त्यापुढचा शुक्रवारही गेला. तिथे नाव आभारात गेलं आणि ते सांगायला मी स्वतः केबिनमध्ये गेले. पोराला पाठवू नका. त्याची परीक्षा त्यांच्याच हातात असते.

चाळणीतून उरलेल्यांचा वाटा मोजायला दोन साधनं. पहिलं, क्रेडिट (CRediT) नावाची, पेपरमधली कामं सांगणारी यादी : कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, डेटाची निगा, पहिला मसुदा वगैरे १४ भूमिका. प्रत्येक भूमिकेपुढे मुख्य, समान की साहाय्यक एवढं लिहिता येतं. ही यादी लेखक कोण हे ठरवत नाही, लेखकाने काय केलं ते सांगते. लोक गल्लत करतात.

दुसरं साधन आमचं घरगुती. प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि सोळा आणे सगळ्यांत वाटायला सांगा, स्वतःसकट. मग प्रत्येकाने स्वतःला दिलेले आणे तेवढे आधी बेरजेला घ्या. माझ्यासमोर ही बेरीज एकदा तेवीस आली होती. यात लबाडी नसते. १९७९ साली रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हाही दोघांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याचं दिसतच नाही. म्हणून स्वतःचा आकडा बाजूला ठेवा आणि इतरांनी तुम्हाला जे दिलं त्याची सरासरी काढा. आमच्या रेसिडेंटने स्वतःला नऊ आणे दिले होते. बाकी चौघांनी दिले सात, सहा, आठ, सात. सरासरी सात. तरीही ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि पहिलं नाव तिचं लागलं. थिसिसवरून पेपर निघतो तेव्हा ते तसंच लागायला हवं.

क्रमाचा अर्थ मात्र विषयागणिक बदलतो. आमच्याकडे पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं बहुधा गाईडचं. गणितात नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने लावायची रीत आहे, तिथे पहिला असण्याला काही अर्थ नाही. कणभौतिकीत तर मोजदादच सोडून द्यावी : २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरचा एक पेपर आला, त्यावर ५,१५४ लेखक होते आणि ३३ पानांतली २४ पानं नावांची आणि संस्थांची होती.

सरकारी मोजमाप याहून मजेशीर. माझा नवरा सायन्स कॉलेजात शिकवतो, त्याला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली लागू. तिच्यात प्राध्यापकांना पेपरमागे गुण मिळतात. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्याला किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७०, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे ८ गुणांच्या पेपरमागे पहिल्याला ५.६ आणि मागच्यांना २.४. आता दहा जणांची बेरीज करा : ७० अधिक नऊ गुणिले ३०, ३४० टक्के. सोळा आण्यांच्या रुपयाचे चोपन्न आणे! नावं फुकटात का वाढतात याचं उत्तर एवढ्या गुणाकारात आहे.

भांडण झालंच तर आठवणींवर जाऊ नका, फायली काढा. प्रत्येक ड्राफ्टच्या नावात तारीख आणि आद्याक्षरं टाकलेली असली, कुणी काय बदललं ते दाखवणारं ट्रॅक चेंजेस चालू ठेवलेलं असलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं. शैलीवरून लेखक ओळखता येतो का, असं मला कुणीतरी दरवर्षी विचारतं. येतो, आणि तो आमच्याच धंद्याचा पराक्रम आहे : मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे अशा वादातले १२ निबंध मॅडिसनचे असल्याचं दाखवलं, तेही 'अपॉन'सारखे बिनमहत्त्वाचे शब्द मोजून. हॅमिल्टन तो शब्द सढळ वापरायचा, मॅडिसन क्वचित. पण त्यांच्या हाताशी दोघांचं भरपूर लिखाण होतं. चार पानांच्या पेपरवर, ज्यावरून पाच जणांचा हात फिरला आहे, हा प्रयोग करू नका.

आभाराचा परिच्छेद घाईत लिहू नका. आमच्या अभ्यासात रक्ताचे नमुने वेळेत लॅबमध्ये पोचवणाऱ्या सिस्टर होत्या. त्यांना विचारून, लेखी होकार घेऊन नाव टाकलं. त्यांनी प्रत मागून घेतली आणि स्पेलिंगमधली चूक दाखवली. छापायच्या आदल्या दिवशी.

स्पेलिंगवरून शेवटचं, आणि हे मुलींसाठी जास्त. तुमचं काम मोजणारं यंत्र आडनाव आणि आद्याक्षरं बघतं. एका रेसिडेंटचे दोन पेपर माहेरच्या आडनावावर होते, तीन सासरच्या, आणि मधलं अक्षरही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. तिला माझ्याच टेबलावर बसवून ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढायला लावला, सोळा आकडी क्रमांक मिळाला, पाचही पेपर त्याला जोडले. हे काम मात्र खरंच पाच मिनिटांचं निघालं.