मेंदूची कॉपी म्हणजे आपणच का? स्वतःपुरतं कसं ठरवायचं

"मेल्यावर मेंदू स्कॅन करून कॉम्प्युटरवर टाकला की माणूस जिवंतच राहतो" असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की लगेच हो किंवा नाही म्हणू नका, कारण यात तीन प्रश्न गुंतलेत. कॉपी निघते का, निघाली तर तिला आतून काही जाणवेल का, आणि जाणवत असलं तरी ती *तुम्ही* असाल का. भांडण तिसऱ्यावर असतं आणि पुरावे पहिल्याचे दिले जातात, म्हणून आधी हे सुटे करा.

पहिला पटकन उरकू. सी. एलिगन्स म्हणून एक मिलिमीटरभर लांबीचा किडा आहे, ३०२ न्यूरॉन (म्हणजे मज्जापेशी) फक्त, त्याच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला, तरी तो किडा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर अजून कुणी जगवून दाखवलेला नाही. २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलवाल्यांनी माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा मॅप केला, तेवढ्याचाच डेटा १,४०० टेराबाइट, आणि आख्खा मेंदू त्याच्या दहा-बारा लाख पट. म्हणजे आज तरी नाही. दुसऱ्या प्रश्नाला सध्या कुणाकडेच पक्की टेस्ट नाही, तो सोडून द्या, कॉपी जागी आहे असं धरूनच चालू.

कॉपीवाल्यांचा एक मुद्दा मात्र दणकट आहे, तो आधी मान्य करून टाका. महाधमनीच्या काही ऑपरेशनमध्ये पेशंटचं शरीर १८-२० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही वेळ चक्क थांबवतात, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, सपाट होतो, आणि तरी माणूस नंतर उठून बायकोला ओळखतो, जुनं सगळं आठवतं. त्यामुळे "मेंदूतला करंट गेला की मी संपलो" हे म्हणणं टिकत नाही, आठवणी रचनेत असतात. फक्त एवढं बघा की तिथे उठतो तो तोच मेंदू असतो, दुसरीकडे छापलेला नाही.

आता तिसरा प्रश्न. यासाठी तीन टेस्ट करा, पहिलीत मरण बाजूला काढा. आपण नेहमी "मी गेलो आणि मग कॉपी सुरू झाली" असा क्रम धरतो आणि तिथेच फसतो, कारण मधल्या रिकाम्या जागेत आपण आपसूक स्वतःला सरकवतो. त्याऐवजी असं धरा की स्कॅन झाला, तुम्ही ठणठणीत आहात आणि शेजारच्या खोलीत कॉपी चालू झालीय, ती तुमच्या आवाजात बोलतेय, एटीएमचा पिन सांगतेय, आईने पाटल्या कुठे ठेवल्यात तेही तिला माहितीये. आणि डॉक्टर येऊन तुम्हाला म्हणतात की स्कॅनरमुळे तुमच्या हृदयाला इजा झालीय, थोडे दिवस उरलेत. भीती गेली का? डेरेक पारफिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये असंच उदाहरण मांडलं होतं, त्यात कॉपी मंगळावर असते. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की "तो मीच का" याला फार किंमत देऊ नका, आठवणी, स्वभाव, इरादे पुढे चालू राहिले की जगण्यात जे महत्त्वाचं ते राहिलंच. मला हे पटत नाही, माझा घसा कोरडाच पडेल, पण तुमचा पडतो का ते तुम्ही बघा, इथे दुसऱ्याचं उत्तर चालत नाही.

दुसरी टेस्ट, कॉप्या दोन करा. दोघी तितक्याच तुमच्यासारख्या, पण दोघी तुम्ही असू शकत नाही कारण त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. बर्नार्ड विल्यम्स या दुसऱ्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५०च्या दशकात ही अडचण काढली होती. कुणी म्हणेल बरं मग एकच काढायची, पण मग मी जगलो की मेलो हे कुणीतरी बटण एकदा दाबलं का दोनदा यावर ठरणार, आणि हे ऐकायलाच खुळचट वाटतं.

तिसरी टेस्ट, एकेक न्यूरॉन काढून तिथे चिप बसवत जा, वर्षभर सावकाश. इथे बरेच जण म्हणतात की हा मीच, आणि तुम्हालाही तसं वाटलं तर तुमचा जीव मांसात नाही, सलगपणात अडकलाय. औरंगाबादचं नागसेनवन आणि तिथलं मिलिंद कॉलेज ज्यांच्या नावांवरून आहे त्या नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजाच्या जुन्या बौद्ध ग्रंथातल्या संवादात दिव्याचे दोन दाखले आहेत, एक रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा, दुसरा एका दिव्यावरून लावलेल्या दुसऱ्या दिव्याचा. चिपवाली केस पहिल्यासारखी, स्कॅनवाली दुसऱ्यासारखी. नागसेनाला कायमचा "मी" मुळातच मान्य नव्हता, त्यामुळे त्याला दोन्हींचं टेन्शन नव्हतं, आपल्याला आहे ना.

आणि परकायाप्रवेशाशी गल्लत करू नका. शंकराचार्य अमरु राजाच्या देहात शिरले या गोष्टीत आधीचा देह रिकामा पडतो, ते कट-पेस्ट आहे, अपलोड म्हणजे कॉपी-पेस्ट, सेल्सवाले मात्र पहिलं सांगून दुसरं विकतात.

आता पैशाचं. २०१८ मध्ये नेक्टोम नावाच्या अमेरिकन स्टार्टअपने वेटिंग लिस्टसाठी दहा हजार डॉलर घेतले होते, परत मिळणारे, आणि मेंदू टिकवायची त्यांची प्रक्रिया शंभर टक्के जीवघेणी आहे हे ते स्वतःच सांगत होते. तेव्हा असल्या कुठल्याही ठिकाणी सही करण्याआधी वरच्या टेस्ट करून ठरवा की हे तुम्हाला स्वतःसाठी हवंय का घरच्यांसाठी. घरच्यांसाठी असेल तर ती तुम्ही असण्याची गरजच नाही, नातवाला गोष्टी सांगणारं काहीतरी उरलं तरी भागतं, पण मग त्यांना विचारा तरी, कित्येकांना ते नको असेल. स्वतःसाठी असेल आणि पहिल्या टेस्टला घसा कोरडा पडला असेल तर पैसे ठेवून द्या. आणि दोन्ही पचवून करायचंच असेल तर तीन गोष्टी आधी लेखी घ्या, एका वेळी किती कॉप्या चालवणार, ती बंद करायचा अधिकार कुणाला, आणि कॉपीनेच "मला बंद करा" म्हटलं तर कुणाचं ऐकायचं, तिचं का तुमच्या सहीचं.