कॅल्क्युलेटरचं उत्तर तोंडी कसं तपासावं

समजा ४८७ × ३२ करायचं आहे. बटणं दाबण्याआधी अंदाज बांधा: ५०० × ३० = १५,०००. आधीच, कारण पडद्यावर आकडा दिसला की मन तोच खरा मानतं.

उत्तर आलं १५,५८४. शेवटचे अंक: ७ × २ = १४, म्हणजे शेवटी ४ हवा. आहे. आता एक अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज: ४८७ची १, ३२ची ५, गुणाकार ५. १५,५८४चीही ५.

या बेरजेवर फार विसंबू नका. चुकून ४७८ दाबलं तरी ती ५च येते, कारण अंकांची अदलाबदल झाली की फरक ९च्या पटीत पडतो. तिथे शेवटचा अंक चूक पकडतो (६ येतो). ८४७ दाबलं तर मात्र दोन्ही कसोट्या फसतात. २७,१०४ला फक्त अंदाजच अडवतो.