शॉर्टवेव्हसाठी घरची तारेची अँटेना

तासगावकडं आता बहुतेक घरं स्लॅबची. आत बसून शॉर्टवेव्ह, म्हणजे रेडिओवर लांबची स्टेशनं येतात तो पट्टा, लावला की खरखरच जास्त. दोष रेडिओचा नसतो. स्लॅबमधली सळई लहरी अडवते, आणि एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर आवाज करतात तो वेगळाच. त्यामुळे तार घराबाहेर काढायची, हे पहिलं.

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात 22 गेजची तांब्याची तार वजनावर मिळते. शंभर ग्रॅममध्ये 20 मीटर सहज भागते. ठिबकच्या नळीचे वीतभर दोन तुकडे घ्या आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना भोकं पाडा. एका भोकात तार, दुसऱ्यात नायलॉनची दोरी. झाला इन्सुलेटर! एक दोरी गच्चीवरच्या पाइपाला बांधा, दुसरी आंब्याच्या फांदीला. तार थोडी ढिली ठेवा, वाऱ्यात फांदी हलते.

महावितरणच्या तारांच्या वरून, खालून किंवा शेजारून ही तार नेऊच नका. तुटून पडली तरी तिथवर पोहोचणार नाही एवढं अंतर हवं.

गच्चीकडच्या टोकाला वायरिंगची साधी वायर जोडून खिडकीतून आत घ्या. तांब्याच्या तारेवर व्हार्निशचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मी पहिल्यांदा तशीच पिळून जोडली आणि दोन रात्री काहीच फरक पडला नाही. ब्लेडनं खरवडल्यावर आतलं गुलाबी तांबं चमकलं, मग डाग देऊन टेप गुंडाळली. आतल्या टोकाला मगरचिमटा लावून तो रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला अडकवा. लहान रेडिओवर स्टेशनं एकमेकांत मिसळू लागली तर चिमटा काढा आणि त्याच वायरचे चार-पाच वेढे दांडीभोवती द्या.

वळवाचं आभाळ दिसताच चिमटा सोडवून वायर खिडकीबाहेर टाका. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नका.

शॉर्टवेव्हचे पट्टे मीटरमध्ये सांगतात. दिवसा 19 आणि 16 मीटर, अंधार पडल्यावर 49, 41 आणि 31 मीटर फिरवून पाहा. तरी खरखर राहिली तर रेडिओ सेलवर चालू ठेवून मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. आवाज थांबला तर चोर घरातच आहे, एकेक वस्तू चालू करून शोधा. थांबला नाही तर गावची लाईट जाईपर्यंत थांबा. लोडशेडिंगच्या रात्री, सगळ्या आळीत अंधार असताना, 31 मीटरवर किती दूरची स्टेशनं स्वच्छ येतात ते एकदा ऐकाच.