फिल्म काळी पडायची तेव्हा बरं होतं

तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे काढता काढता मला बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी डार्करूममध्ये गेली. तेव्हा एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळीकुट्ट निघायची आणि डॉक्टर ती हातात नाचवत खोलीत यायचे. डिजिटलमध्ये तसं होत नाही. किरणांचा डोस जास्त दिला तर चित्र उलट देखणं येतं. कमी दिला तर दाणेदार दिसतं आणि सगळे ओरडतात. मग हात आपोआप वरच्या आकड्याकडे जातो.

डीआर पॅनल, म्हणजे चित्र थेट कॉम्प्युटरवर देणारी डिजिटल पाटी, आल्यावर पहिल्याच महिन्यात दोन वर्षांच्या मुलाची छाती मी चुकून मोठ्यांच्या सेटिंगवर काढली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, काय सुंदर आलाय! कोपऱ्यात डेव्हिएशन इंडेक्स होता +6. शून्य म्हणजे डोस ठरवलेल्या मापाला बरोबर, +3 म्हणजे दुप्पट, +6 म्हणजे चौपट. तेव्हापासून आधी आकडा वाचतो, मग चित्र. कॉलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळणं, सैल असेल तर हा आकडाही फसवतो, तेवढं ध्यानात ठेवा. जुन्या काही सीआर सिस्टिममध्ये (कॅसेट वेगळ्या मशीनमध्ये घालून चित्र वाचायचं, त्या) तर डोस दाखवणारा आकडाच उलटा चालतो, डोस वाढला की तो उतरतो.

लहान मुलाचा एक्स-रे असेल तर मूल आत यायच्या आधी सगळं लावून ठेवा. ट्यूबचं अंतर, डावं-उजवं दाखवणारा मार्कर, सेटिंग. टेबलावर वाट बघायला लावलं की पोर रडणारच. जाडी दहा-बारा सेंटिमीटरच्या आत असेल तर ग्रिड, म्हणजे भरकटलेले किरण अडवणारी जाळी, काढा. ती ठेवली की डोस उगाच वाढवावा लागतो. ऑटोमॅटिक एक्सपोजरचे, म्हणजे पुरेसे किरण पडले की आपोआप थांबवणारे, सेन्सर मोठ्यांच्या छातीच्या मापाने बसवलेले असतात, तान्ह्याच्या छातीला ते पुरते झाकलेही जात नाहीत, म्हणून मॅन्युअल घ्या. माझ्या मशीनवर दोन वर्षांच्या छातीला साधारण 60 केव्ही (किरणांचा जोर), 1.6 एमएएस (किरणांचं प्रमाण) पुरतं. तुमच्या मशीनचा तक्ता तुम्हीच करून भिंतीला चिकटवा. वेळ मात्र जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा, पोर हललं की चित्र गेलं.

आणि कॉलिमेशन किरण सोडायच्या आधी, ट्यूबच्या दिव्याने पडणाऱ्या उजेडाच्या चौकोनावरच करा. नंतर माऊसने कडा कापल्या की चित्र नेटकं दिसतं, पण पोटावर पडलेले किरण पडलेच.

कपड्यांत सेफ्टी पिन असते, गळ्यात ताईत असतो, मुलींच्या वेणीचा रबर नेमका फुप्फुसाच्या टोकावर येतो. ताईत काढायला आजी तयार नसेल तर वाद घालू नका, दोरा वर सरकवून हनुवटीपाशी चिकटपट्टी लावा. करगोटा छातीच्या चित्रात येतच नाही, तो राहू द्या.

धरायला घरचंच माणूस घ्या, आपण रोज धरत बसायचं नाही. त्याला लेड ॲप्रन द्या, हात उजेडाच्या चौकोनाबाहेर. आई धरणार असेल तर पाळी चुकली आहे का, हे सासूसमोर विचारू नका, दाराआड विचारा. नक्की सांगता येत नसेल तर बाबांना बोलवा. रडणारं मूल हुंदक्यानंतर श्वास खोल ओढतं, बटण तेव्हा दाबायचं.

जननेंद्रियांना किरण लागू नयेत म्हणून मुलाच्या कमरेवर शिशाचा तुकडा ठेवायची आमची जुनी सवय. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने 2019 मध्ये ती नेहमीची पद्धत बंद करा म्हटलं, कारण तुकडा सरकून हवं तेच झाकतो. तुमच्याकडे काय करायचं ते आरएसओला, म्हणजे किरण सुरक्षा अधिकाऱ्याला, विचारून ठरवा.

आपल्या अंगावर पडलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा. आमच्याकडे एकाचा बॅज तीन महिने एक्स-रे रूममधल्या खुंटीवर लटकत होता. रिपोर्ट आला तेव्हा त्या खुंटीने किती डोस खाल्ला तेवढं कळलं.