पत्र्यावर शिसं भरताना
जुन्या गाडीच्या पत्र्याचा खड्डा शिशाने भरायचा तर ३० टक्के कथील, ७० टक्के शिसं असलेली कांडी घ्या. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, पण पूर्ण पातळ व्हायला साधारण २५५ अंश लागतात. मधल्या टप्प्यात ती लोण्यासारखी पसरते. सगळं कसब तिथेच. इलेक्ट्रॉनिक्सची ६०-४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) डाखाची तार इथे कुचकामी, उभ्या पत्र्यावरून सरळ ओघळते. आधी पत्रा लखलखीत घासून कल्हई करा, नाहीतर शिसं धरणारच नाही. मग मेण लावलेल्या लाकडी पट्टीने दाबत बसवा. सपाट करायला मात्र कानसच. ग्राइंडर फिरवलात तर शिशाची धूळ थेट छातीत! रंगाआधी उरलेला फ्लक्स (कल्हई धरावी म्हणून लावलेलं रसायन) खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. राहिला तर रंगाला फोड येतात.